विनाअट रोख मदत आणि सावकाराचे देणे

गरिबाच्या हाती रोख पैसा पडला की तो दारूत जातो आणि माणूस आळशी होतो, हा समज आपल्याकडे इतका घट्ट रुजला आहे की तो तपासून पाहावा असे फारसे कोणाला वाटत नाही. मध्य प्रदेशात तो तपासला गेला. 2011 साली ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या अर्थसाहाय्याने आठ गावांत प्रत्येक प्रौढाला दरमहा 200 आणि प्रत्येक मुलामागे 100 रुपये देण्यास सुरुवात केली. वर्षभराने ही रक्कम 300 आणि 150 झाली. दारिद्र्यरेषेचा दाखला मागितला नाही, खर्चाचा हिशेब विचारला नाही. पैसे कुटुंबप्रमुखाकडे न देता ज्याचे त्याच्या नावे दिले, मुलांचे आईकडे. रेशन पूर्वीसारखेच चालू राहिले, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली तेव्हा या गावांत मुलांचे पोषण सुधारलेले दिसले, शाळेवरचा खर्च वाढलेला दिसला. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही.

माझ्या मते यातला सर्वांत मोलाचा भाग कर्जाचा आहे. आजारपण आले किंवा पेरणी तोंडावर आली आणि घरात रोकड नसली, की सावकाराचे दार गाठावे लागते. मग ते देणे फेडण्यासाठी दुसऱ्याच्या शेतात राबताना स्वतःच्या जमिनीचा हंगाम हातचा जातो. दरमहा ठरलेली रक्कम येऊ लागल्यावर अनेक छोटे शेतकरी, विशेषतः आदिवासी, मजुरी कमी करून स्वतःच्या शेताकडे वळले आणि त्यांनी बियाणे, खते, जनावरे घेतली. याला आळस कसे म्हणावे?

महाराष्ट्रात 2024 पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलांना दरमहा 1500 रुपये मिळतात. ‘आता मजूर मिळत नाहीत’ अशी तक्रार त्यावर ऐकू येते. पडेल त्या मजुरीला नाही म्हणण्याचे बळ एखाद्या बाईला यातून मिळत असेल, तर तो मी योजनेचा गुणच मानतो.

मात्र रेशन बंद करून त्याऐवजी रोख देण्याला माझा ठाम विरोध आहे. धान्याचे भाव चढले तरी रेशनवरचे किलो तेवढेच राहतात, रोख रकमेची किंमत मात्र घटते. 60 ते 79 वयाच्या वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा 2007 पासून 200 रुपयांवरच थांबला आहे. म्हणून रोख मदतीची कोणतीही योजना आखताना तिची रक्कम दरवर्षी महागाईनुसार वाढवण्याची तरतूद पहिल्याच शासन निर्णयात असली पाहिजे, अशी माझी मागणी आहे.