‘आमच्या फीवर त्यांची मुलं’

आमच्या इथले इस्त्रीवाले काकाही पालकांच्या ग्रुपवर आहेत, हे तो मेसेज ढकलणाऱ्यांच्या गावीही नसावं. त्यांची मुलगी आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेत गरीब मुलांसाठी राखलेल्या जागेवर, दुसरीत आहे. मोबाइल पुढे करून ते म्हणाले, "ताई, काढून घेऊ का तिला?" डोकंच फिरलं.

मेसेज म्हणतो: २५ टक्के राखीव जागांवरची मुलं आपल्या फीवर शिकतात, त्यांच्या नावाने शाळा सरकारकडून बक्कळ पैसा घेतात, कोर्टानं ही सक्ती रद्द केलीय, आणि त्यांच्यामुळे आपल्या मुलांचा अभ्यास बुडतो, तेव्हा त्यांची तुकडी वेगळी करा.

आधी एक काय ते ठरवा. सरकार बक्कळ देतं, की भार आपल्यावर? महाराष्ट्रात प्रतिपूर्तीचा, म्हणजे या मुलांच्या फीपोटी सरकार शाळेला देतं त्या पैशांचा, दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये धरला जातो. शाळेची फी कमी असेल तर तेवढीच. फी साठ हजार असेल तर उरलेला बोजा शाळेवर, आणि शाळा तो कुठून तरी काढणार, हे मान्य. त्यात सरकार हे पैसेही थकवतं. मग थकबाकीसाठी मंत्रालयात जा ना, इस्त्रीवाल्याला काय ऐकवता?

कोर्टाचं साफ उलटं आहे. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना सूट, असा बदल सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत रद्द केला तो हा बदल.

आता वेगळी तुकडी. सहा-सात वर्षांच्या पोरांना बापाच्या पगारावरून वेगळं बसवायचं, आणि वर हात जोडलेला इमोजी! आरटीईच्या २०१०च्या केंद्रीय नियमांत याला सरळ मनाई आहे. वर्गात वेगळं बसवणं नाही, वेगळ्या वेळी वर्ग भरवणं नाही. आणि अभ्यास बुडतो म्हणता, तर तेही तपासून झालंय. दिल्लीतल्या बड्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना जागा द्याव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. त्यात रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता: जोरात पळणारा गरीब मुलगा, की हळू पळणारा आपल्यातला. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, ते केवळ गरिबीमुळे चांगल्या धावपटूला कमी वेळा नाकारत होते. हिंदी-गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही. इंग्रजीचे मात्र थोडे घसरले, तेही त्याने लपवलेलं नाही. त्यासाठी शिकवणी लावा की, ऐपत आहे तुमची.