विद्यार्थ्यांचे उपग्रह म्हणजे नुसतं जोडकाम?

‘विद्यार्थी उपग्रह बनवत नाहीत, बाजारातले तयार भाग जोडतात, वर गेला की तो बंद पडतो आणि विज्ञानाला त्याचा काडीचा उपयोग नसतो,’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. यातला बंद पडण्याचा मुद्दा बराचसा खरा आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

आधी उपयोगाचं. हे उदाहरण उपग्रहाचं नाही, पण विद्यार्थ्यांनी बनवलेल्या उपकरणाचं आहे. २००६ साली प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्स यानावर कोलोरॅडो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला धूळमापक आहे. खास प्लास्टिकची पातळ फिल्म. कण आदळला की तिच्यावरचा विद्युतभार बदलतो, त्यावरून कणाचं वस्तुमान काढायचं. २०१५ मध्ये प्लूटो मागे पडला, मोजणी चालूच राहिली. पुढे अपेक्षेपेक्षा जास्त धूळ सापडली, आणि कायपर पट्टा, म्हणजे नेपच्यूनच्या पलीकडचा छोट्या बर्फाळ गोळ्यांचा पट्टा, वाटला होता त्याहून दूरवर पसरलेला असावा, अशी चर्चा सुरू झाली. ही मोजणी दुसरं कोण आणून देणार होतं? तिथे तेव्हा दुसरं यानच नव्हतं.

तयार भाग वापरतात, हे कबूल. टोकियो विद्यापीठाच्या एक्सआय-फोर या उपग्रहात साधा बाजारातला पिक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, होता. दहा सेंटिमीटरचा हा ठोकळा जून २००३ मध्ये कक्षेत गेला आणि दहा वर्षं उलटल्यावरही बोलत होता. कौशल्य भाग निवडण्यात आणि ते वर टिकतील असं बघण्यात आहे: किरणोत्सर्गाने स्मृतीतला एखादा बिट उलटला आणि प्रोग्राम अडकला, तर तो आपोआप पुन्हा सुरू व्हायला हवा. वर जाऊन बटण दाबणारं कोणी नसतं. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ‘स्वयम्’ उपग्रहाने (२०१६) तर दिशा राखायला वीज वापरायचीच नाही असं ठरवलं. कायम चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतो, चुंबकत्व सहज बदलणाऱ्या धातूच्या दांड्या डुलणं शमवतात. गणित चुकलं तर दुरुस्तीला जागा नाही.

आता बंद पडण्याचं. विद्यापीठांच्या पहिल्यावहिल्या उपग्रहांपैकी कित्येकांचा एकही संदेश येत नाही. अँटेना उघडत नाही, बॅटरी चार्ज होत नाही. पण म्हणून मुलांना अक्कल नाही असं ठरत नाही; नासाचं मंगळयान मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मोजमापाच्या एककांच्या घोळाने गेलं, ते काही विद्यार्थ्यांनी बनवलं नव्हतं. इथलं दुखणं वेगळं आहे. प्रक्षेपणाची तारीख अंगावर येते, सगळा उपग्रह जोडून दिवसच्या दिवस चालवून बघायचं राहून जातं, आणि ज्याने वीजपुरवठ्याचा कोड लिहिला तो तोवर पदवी घेऊन गेलेला असतो. वहीत नोंद नाही, नव्या पोरांना फोनवर विचारत बसावं लागतं.