इमिजिएट जॉइनर कसं व्हावं

सर्वप्रथम अभिनंदन. राजीनामा दिलात. 'कळवण्यास अत्यंत खेद होतो' असं मेलमध्ये लिहिलंत आणि मनातल्या मनात पेढे वाटलेत. आता दुसरी नोकरी झटपट हवी ना? मग आधी व्याकरण पक्कं करा. 'मी नोकरी सोडली' यात कर्ता तुम्ही. 'माझी नोकरी सुटली' यात कर्ता नोकरी. 'त्याची नोकरी गेली' यात कर्ता कोण, हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. नातेवाईक तुमच्या तोंडून पहिलं वाक्य ऐकतात आणि पुढच्या घरी जाऊन तिसरं सांगतात. तेव्हा कामाला लागा.

मुहूर्त नीट निवडलात का? नोकरीला चार वर्षं दोन महिने झाले असताना सोडणं उत्तम. कायद्याप्रमाणे कायम नोकरदाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं सलग नोकरी लागते. कंपनी मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्या सीटीसीत, म्हणजे तुमच्यावरच्या एकूण खर्चाच्या हिशेबात, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी म्हणून दाखवत होती. ती रक्कम मोजून तुम्ही वाकडला टू बीएचके बुक केलात. पैसे हाती आले नाहीत, पण चार वर्षं डोळ्यांना दिसले. हेही सगळ्यांच्या नशिबी नसतं.

आता नोटीस पिरियड. हिंजवडीत तो सहसा ९० दिवसांचा असतो, आणि त्याच हिंजवडीत प्रत्येक जाहिरातीला इमिजिएट जॉइनर हवा असतो. म्हणजे जी कंपनी आपल्या माणसाला तीन महिने दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही, तिलाच दुसऱ्याचा माणूस सोमवारी सकाळी नऊला जागेवर बसलेला हवा. तुम्ही नोकरीत असताना अर्ज केलात तर उत्तर येतं, 'नव्वद दिवस? मग अवघड आहे.' म्हणून धीर करून, मोकळे होऊन अर्ज केलात, की प्रश्न येतो, 'सध्या कुठेच नाही? का बरं?' लग्नाच्या बाजारातही पस्तिशीच्या स्थळाकडे बघून असंच विचारतात, 'मुलगा चांगला आहे हो, पण मग अजून राहिला कसा?'

यातून मार्ग एकच. नोटीस पिरियडचे शेवटचे पंधरा दिवस साधा. तुमच्या नावापुढे 'सर्व्हिंग नोटीस' आणि शेवटच्या दिवसाची तारीख असते, तेवढ्या काळात तुम्हाला आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी साबुदाण्याला असतो तसा भाव असतो. द्वादशीला विचारू नका.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करायला जाल तेव्हा चार्जर, माऊस आणि माऊसची ती पिशवीही घेऊन जा. पिशवी तुम्हाला कधी दिली होती हे आठवत नसेल, त्यांना आठवतं. ओळखपत्र जमा करून खाली आलात आणि डबा वरच राहिला हे लक्षात आलं, तर तो विसरा. चार वर्षं तुम्हाला 'गुड मॉर्निंग सर' म्हणणारा गार्ड आता व्हिजिटरचं रजिस्टर पुढे सरकवतो आणि 'किसको मिलना है?' विचारतो.

फुल अँड फायनलचं, म्हणजे शेवटच्या हिशेबाचं म्हणाल, तर २०१९ च्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करावा असं लिहिलं आहे. एचआर म्हणते, 'पंचेचाळीस दिवसांत प्रोसेस होईल.' तुम्ही तो कायदा छापून तिच्याकडे नेऊ शकता. फक्त जाताना एवढं ध्यानात ठेवा, की तुम्हाला मोकळं केल्याचं रिलीव्हिंग लेटरही त्याच टेबलावर सहीसाठी थांबलेलं असतं.

मग दुसऱ्या दिवसापासून खरी मेहनत. रोज सकाळी आठला नोकरीच्या पोर्टलवर प्रोफाइल उघडायचं आणि एक पूर्णविराम काढायचा. दुसऱ्या दिवशी तो परत घालायचा. त्यानं तुमचं नाव वर येतं म्हणतात. तेरा वर्षांचा अनुभव असा पूर्णविरामावर तोललेला असतो. दुपारी फोन येईल: 'सर, आर यू लुकिंग फॉर चेंज?' चेंज झालेलाच आहे, असं उत्तर देऊ नका. आधीचा पगार सांगा, अपेक्षा सांगा, मग तोच बायोडेटा मेलवर पाठवा, मग त्यातलीच सगळी माहिती त्यांच्या एक्सेलमध्ये भरा. संध्याकाळी दुसऱ्या कन्सल्टन्सीचा फोन येईल. कंपनी तीच, एक्सेल नवं.

मुलाखतीत मधल्या रिकाम्या महिन्यांबद्दल विचारतीलच. घरचं आजारपण हे चांगलं चालतं. फक्त आईला आजारी पाडणार असाल तर तिला आधी कल्पना द्या, नाहीतर तुम्ही घसा दाटून बोलत असताना ती व्हिडिओत मागे स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढताना दिसते. खरं मात्र कोणीही आजारी पडू नका. कंपनीचा मेडिक्लेम तुमच्या शेवटच्या दिवसाबरोबरच संपला.

मामांचा फोन रविवारी. 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,' हे ऐकून घ्या. ते राज्य सरकारात होते. त्यांच्या हातचं कधी पळालं नाही.

घरी असल्याचा एक फायदा मात्र सांगायलाच हवा. सोसायटीचा कारभार जवळून दिसतो. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींनी तीन दिवस बघितलं आणि चौथ्या दिवशी विचारलं, "दादा, आजबी घरीच का?" वर्क फ्रॉम होम आहे म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. त्याच आठवड्यात सी विंगमधल्या वहिनींनी एका खाड्याचे पैसे कापले, म्हणून मावशींनी सकाळी दहा वाजता ते घर सोडलं. नोटीस नाही, मेल नाही, खेद तर नाहीच. दुपारी चारला बी विंगमध्ये काम सुरू. पाचशे रुपये जास्त, वर चहा.

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. म्हटलं, "मावशी, एवढ्या लवकर कसं काय जमवलंत?"

"त्यात काय," कढई उपडी घालत त्या म्हणाल्या, "वॉचमनला सांगितलं." मग माझ्याकडे बघून जरा थांबल्या. "तुमचं पण सांगू का?"