घोणशीचं पिल्लू आणि रसेलची 'रद्दी'

शिराळ्याच्या मावशीने परवा सकाळी सातलाच फॉरवर्ड पाठवलं, खाली 'खरं का रे हे?' रसेल नावाच्या इंग्रजाने घोणशीला स्वतःचंच नाव (इंग्रजीत 'रसेल्स व्हायपर') चिकटवलं, माहिती गारुड्यांकडून उचलली, त्याचं सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक आता रद्दी आहे, आणि घोणशीच्या पिल्लाला वर्षभर विष नसतं, असं त्यात होतं.

आधी शेवटचं घेतो, कारण जीव त्याने जाईल. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि ती जन्मतःच विषारी असतात. आपल्याकडे उसाच्या पाचटात असं पिल्लू दिसलं की कुणीतरी 'अजगराचं आहे' म्हणून उचलतोच. अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार, ही घोणस. अजगराचे पट्टे वेडेवाकडे असतात. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, मूत्रपिंडं जातात. म्हणून तर डॉक्टर रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून बघतात.

आता नाव. पॅट्रिक रसेल इंग्रज नव्हे, स्कॉटिश डॉक्टर. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा त्याचा सचित्र ग्रंथ 1796 साली निघाला. त्यात घोणस 'कटुक रेकुला पोडा' या तेलुगू नावाने आहे. रसेलचं नाव तिला दिलं जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने, 1797 मध्ये.

उचलेगिरीत थोडं तथ्य आहे, मान्य. नावं इथल्या लोकांची आणि मुखपृष्ठावर नाव एकट्या रसेलचं. पण ऐकीव माहितीवर तो थांबला नाही. कोंबड्या-कुत्र्यांना साप चाववून विषाचा जोर त्याने स्वतः पाहिला. (आज असं कुणी करू देणार नाही, ते वेगळं.)

राहिली रद्दी. 1801 साली जर्मनीच्या श्नायडरने मण्यार आणि फुरशाला शास्त्रीय नावं दिली, ती रसेलच्या चित्रांवरून. मण्यारीचं 'सेरुलियस' आणि फुरशाचं 'कॅरिनाटस' आजही तेच चालतं. आपल्या दवाखान्यातली सापाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. त्यातला नाग, सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसने आधीच नोंदवला होता. उरलेल्या तिघांच्या शास्त्रीय नावांचा माग काढत गेलं की माणूस रसेलपाशीच पोचतो.

मावशी, तू हे ज्या ज्या ग्रुपवर टाकलंस तिथून काढ. ऊसतोडीच्या टोळीचा ग्रुप सगळ्यात आधी.