सीन नदीत बुडालेली चित्रे

अ‍ॅनिमेशनच्या इतिहासावरचे मराठी लेखन बहुतेक वेळा वॉल्ट डिस्नेच्या नावाने सुरू होते आणि १९३७ सालचा ‘स्नो व्हाइट’ हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट होता, असे सांगून पुढे सरकते. डिस्नेचे कर्तृत्व मोठे आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हे विधान चूक आहे, आणि ती चूक केवळ तपशिलाची नाही. ज्यांच्या फिती जळाल्या, हरवल्या किंवा फेकल्या गेल्या, त्यांची नावेही आपण त्या फितींबरोबर जाऊ देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यातले सर्वांत आधीचे नाव एमिल रेनो या फ्रेंच माणसाचे आहे. ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चलचित्रे दाखवली ती २८ डिसेंबर १८९५ रोजी. त्याच्या तीन वर्षे आधी, २८ ऑक्टोबर १८९२ रोजी, त्याच शहरातल्या ग्रेवँ संग्रहालयात रेनोने पडद्यावर हलती चित्रे दाखवायला सुरुवात केली होती. कॅमेरा नव्हताच. जिलेटिनच्या पारदर्शक चौकोनांवर तो एकेक चित्र हाताने रंगवत असे, ते चौकोन जोडून लांब पट्टी तयार करत असे आणि पट्टीला पाडलेल्या भोकांच्या आधाराने ती चक्रावरून पुढे सरकवत असे. ‘पोव्र पिएरो’ या त्याच्या खेळात अशी ५०० चित्रे होती. पट्टी जेमतेम ३६ मीटर लांबीची, तरी खेळ सुमारे पंधरा मिनिटे चाले, कारण रेनो स्वतः यंत्रापाशी उभा राहून ती हाताने पुढे-मागे फिरवी आणि एखादी लकब प्रेक्षकांसमोर पुन्हा घडवून आणी. कीर्तनकार श्रोत्यांचा कल पाहून आख्यान लांबवतो, तसेच काहीसे हे होते, असे मला वाटते.

संग्रहालयाशी झालेला करार मात्र त्याला जाचक ठरला. खेळ दुसरीकडे करायची मुभा नव्हती आणि यंत्राची देखभालही त्याच्याच माथी होती. १९०० पर्यंत सुमारे १२,८०० प्रयोग झाले आणि पाच लाखांच्या आसपास प्रेक्षकांनी ते पाहिले. तोवर कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे गावोगाव पोहोचली होती आणि महिनोन्‌महिने खपून रंगवलेल्या पट्टीला कोणी विचारेनासे झाले होते. १९१० नंतरच्या हलाखीच्या दिवसांत रेनोने बहुतेक पट्ट्या सीन नदीत फेकून दिल्या. हाताने रंगवलेल्या पाच पट्ट्यांपैकी आज दोनच उरल्या आहेत. १९१८ साली पॅरिसजवळच्या एका रुग्णाश्रमात त्याचे निधन झाले. २८ ऑक्टोबर हा दिवस आता आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन दिन म्हणून पाळला जातो, पण त्या दिवशी आपल्याकडे फिरणाऱ्या शुभेच्छांमध्ये रेनोचे नाव मला क्वचितच दिसते.

पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा मान ज्याला द्यायला हवा, तो किरिनो क्रिस्तियानी अर्जेंटिनात काम करत होता. राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांच्यावर टीका करणारा त्याचा ‘एल आपोस्तोल’ १९१७ साली ब्युनॉस आयर्समध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे ‘स्नो व्हाइट’च्या वीस वर्षे आधी. १९२६ च्या आगीत तो नष्ट झाला.

योगायोग असा की त्याच १९२६ साली बर्लिनमध्ये लोटे रायनिगर या अवघ्या सव्वीस वर्षांच्या बाईचा ‘प्रिन्स अखमेद’ पडद्यावर आला. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांतून तिने कात्रीने आकृत्या कापल्या, तारेने त्यांचे सांधे जोडले आणि खालून उजेड दिलेल्या काचेवर त्या केसभर सरकवत एकेक चौकट टिपली. पिंगुळीचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या सावल्या परक्या वाटणार नाहीत. या कामाला तीन वर्षे लागली. मूळ निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात गेली. चित्रपट वाचला तो परदेशात पोहोचलेल्या प्रतींमुळे. म्हणून त्याला ‘आज पाहता येणारा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट’ म्हणतात, आणि ही शब्दरचना मला अत्यंत प्रामाणिक वाटते. ‘पहिला’ आणि ‘उरलेल्यांतला पहिला’ यांतला फरक तिने जपला आहे.

आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या बाबतीत आपण एवढी काळजी घेतो का? ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करताना त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून तिची छोटी फीत केली होती. एकेक चौकट टिपून हालचाल घडवण्याचे तत्त्व त्यांना तेव्हाच हाती लागले होते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अडचणीच्या काळात त्यांनी काडेपेटीतल्या काड्या तशाच पद्धतीने हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. आज तो उपलब्ध नाही, आणि बहुधा म्हणूनच फाळक्यांवरच्या लेखांत त्याला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. भारतीय अ‍ॅनिमेशनवर मराठीत लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की सुरुवात या काड्यांपासून करावी आणि त्याच वाक्यात ‘फीत उपलब्ध नाही’ हेही स्पष्ट लिहावे.