टॉर्क रेंच ‘टक्’ वाजला, पण हेड आवळलंच गेलं नव्हतं

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सायकलला बसवायच्या टू-स्ट्रोक इंजिन किटच्या हेडला (सिलिंडरच्या झाकणाला) मोजून चार नट, त्यासाठी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला ‘टक्’ वाजणारा पाना) घेणं म्हणजे पैसे वाया. माझ्या लेखातला १६ न्यूटन-मीटरचा आकडा (टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर) धरून, आट्यांना तेल लावून नट आवळले, रेंच वाजला, तरी हेड पॅकिंग (हेडखालची गास्केट) फुटलं. मग २२ वर नेलं तर स्टड (ज्या आट्यांच्या दांड्यावर नट बसतो तो) तुटला. थोडक्यात आकडा चुकीचा, आणि मेकॅनिकचा हात जास्त भरवशाचा.

पैशाचं आणि हाताचं नंतर बघू. आधी पॅकिंग आणि स्टड. तुम्ही जाता जाता लिहिलंय की किटबरोबर आलेले चकचकीत डोम नटच वापरलेत. माझा पहिला संशय त्यांच्यावर आहे.

डोम नट वरून बंद असतो. स्टड वॉशरच्या वर गरजेपेक्षा जास्त आला असेल, तर नटाचं बूड वॉशरवर नीट दाबायच्या आधीच स्टडचं टोक नटाच्या छताला टेकतं. पुढे पाना कितीही ओढा, नट खाली सरकत नाही. रेंचला मात्र विरोध जाणवतो आणि तो ठरलेल्या आकड्याला इमानदारीत वाजतो. हेडवर दाब जवळपास शून्य. पॅकिंग फुटणारच.

स्टड तुटायचं कारणही इथेच मिळतं. नट व्यवस्थित बसतो तेव्हा तुम्ही दिलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेल्या १० टक्क्यांतून स्टड ताणला जाऊन दाब तयार होतो. नट छताला अडकला की बुडाखालचं घर्षण उरत नाही, आणि जवळपास सगळा टॉर्क स्टडला पिळायला लागतो. ८ मिमीच्या मऊ स्टडला २२ न्यूटन-मीटरचा शुद्ध पीळ सोसत नाही.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. पॅकिंग, हेड आणि वॉशर जागेवर ठेवा आणि वॉशरच्या वर स्टड किती मिमी आलाय ते व्हर्नियरने (सरकत्या मापपट्टीने) मोजा. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने डोम नटाची आतली खोली मोजा. खोली स्टडपेक्षा निदान २ मिमी जास्त हवी, कारण पॅकिंग दबलं की स्टड अजून वर येतो. चारही स्टड वेगवेगळे मोजा. किटमध्ये ते एकसारख्या उंचीवर बसलेले असतीलच असं नाही. माप जुळत नसेल तर जाड, कडक वॉशर घाला, किंवा सरळ वरून उघडे असलेले फ्लँज नट (बुडाला रुंद कडा असलेले) वापरा. दिसायला साधे, पण स्टड किती बाहेर आलाय ते डोळ्यांना दिसतं. स्टडचा बिनआट्यांचा भाग नटाच्या आत येत नाही ना, तेही याच वेळी बघा. लक्षणं तंतोतंत तीच असतात.

आता तेल. १६ हा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी आहे. ८ मिमीच्या स्टडवर कोरड्यात १६ न्यूटन-मीटर दिले की साधारण १ टन ताण येतो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला ताण सुमारे १३५० किलोवर जातो. स्टड ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा आकडा) असेल तर काही बिघडत नाही, तो २१०० किलोपर्यंत सहज सोसतो. पण ५.८ ग्रेडचा मऊ स्टड १४०० किलोच्या आसपास कायमचा लांबायला लागतो, आणि किटच्या स्टडवर ग्रेड बहुधा लिहिलेलीच नसते. तेल लावून २२ म्हणजे जवळजवळ १९०० किलो. म्हणजे नट छताला टेकला नसता तरीही तो स्टड वाचला नसता. तेल लावायचंच असेल तर आकडा १२ वर आणा. आटे पक्के करायचं द्रव औषधही ओलं असताना तेलासारखंच वागतं.

इतक्या दाबाची गरज तरी असते का? ६६ सीसीचं इंजिन घ्या (विकताना ८० म्हणतात, पण ४७ मिमी बोअर आणि ३८ मिमी स्ट्रोकचा हिशेब ६६ वरच येतो). सिलिंडरमधला दाब ४० बार धरला तरी हेडला वर ढकलणारा जोर सुमारे ७०० किलो. चार स्टडांत वाटला तर प्रत्येकी पावणेदोनशे. १ टनाचा ताण त्याला पुरून उरतो. त्यामुळे पॅकिंग फुटलं की ‘अजून आवळा’ हे उत्तर क्वचितच बरोबर असतं. नट नीट बसलेले असतील तर दाब कमी नसतो, असमान असतो. हे लांब स्टड क्रँककेसपासून सिलिंडरमधून हेडपर्यंत जातात, म्हणजे खालचं बेस पॅकिंगही तेच दाबून धरतात. एक कोपरा सैल राहिला तर खालून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापतो.

म्हणून आवळताना समोरासमोरचे नट, ५, १०, १४, १६ अशा पायऱ्यांनी. प्रत्येक पायरी चारही नटांना देऊन मगच पुढची. पाना मुठीच्या मधोमध धरून संथ ओढा, टक् झालं की थांबा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा वाजवलं की आकडा वर गेलाच. इंजिन एकदा पूर्ण तापवून, पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासा. गरम असताना नाही: ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम इंजिनावर स्टड आधीच जास्त ताणलेला असतो आणि रेंच खोटं समाधान देतो.

आता तुमचा हाताचा मुद्दा. हात शिकतो, पण ज्या नटांवर शिकला त्यांच्यापुरता. मोटरसायकलच्या १० मिमीच्या नटांवर तयार झालेला हात कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरच्या ६ मिमीच्या स्टडवर आला की आटे घेऊन जातो. तिथे ८ ते १० न्यूटन-मीटर बास, मऊ स्टड असेल तर ७. काही ठिकाणी मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. नवीन स्पार्क प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून मग पान्याने अर्धा फेरा, वॉशर आधीच दबलेला जुना प्लग असेल तर एक अष्टमांशाच्या आत. त्याला रेंच लागत नाही. मॅग्नेटोच्या कव्हरचे स्क्रूही हातानेच.

पैशाचं म्हणाल तर चुकीचा रेंच घेतलात तर खरंच वाया. गाडीच्या चाकांसाठी मिळणारा अर्ध्या इंची, २८ ते २१० न्यूटन-मीटरचा रेंच इथे निरुपयोगी आहे. १६ त्याच्या पट्टीवरच नाही. पाव इंची, ५ ते २५ चा हवा. काट्याचा साधा बीम रेंच मिळाला तर उत्तम, त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. क्लिकवाला असेल तर काम झाल्यावर पट्टीवरच्या सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा. तपासायचाच असेल तर चौकोनी टोक शिकंज्यात धरा, पाना आडवा ठेवा आणि टोकापासून २५ सेंमीवर मुठीला ५ किलोचं वजन टांगा, सुमारे १२.३ न्यूटन-मीटर होतात, वर पान्याच्या स्वतःच्या वजनाचं किंचित. आणि कुठली पट्टी वाचताय ते बघा: १५ फूट-पाउंड म्हणजे २० न्यूटन-मीटर. या किटचे बरेचसे आकडे अमेरिकेतून येतात आणि तिथे बहुधा फूट-पाउंड चालतात.

तुटलेल्या स्टडचा तुकडा थोडा बाहेर असेल तर क्रँककेस हॉट एअर गनने तापवा आणि ग्रिप पान्याने सावकाश फिरवा. आत तुटला असेल तर हँड ड्रिलने स्वतः भोक पाडू नका. ते तिरकं गेलं की हेलिकॉइलही (खराब झालेल्या आट्यांच्या जागी बसवायची आट्यांची स्प्रिंग) तिरकं बसतं. लेथवाल्याकडे न्या. नवीन स्टड ८.८ चेच आणा, चारही एकदम, आणि केसमध्ये हाताने टेकवून बसवा. त्यानंतर वॉशरच्या वर चारही स्टड किती मिमी येतात आणि नटाची खोली किती आहे, हे आकडे इथे लिहा. वॉशर किती जाड लागेल ते सांगतो.