कर्नल पॅनिक, तेही कोणी बघत नसताना

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो पॅनिक झाला की सगळं मशीन थिजतं. आणि फाइल शेअरिंगचा सर्व्हर मेला तर तो एकटा मरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एनएफएस, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फाइली आपल्याच असल्यासारख्या वापरायची सोय, हा प्रकार सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 साली काढला आणि त्याचा बाणा असा, की सर्व्हर उत्तर देत नसेल तर क्लायंटने वाट बघायची. किती? हार्ड माउंट, म्हणजे हार न मानता विचारत राहायची जोडणी, असेल तर जन्मभर. त्यामुळे आमचा सर्व्हर पहाटे बॅकअपच्या वेळी आडवा व्हायचा आणि सकाळी आलेला एकेक जण अडकत जायचा, फाइलींची यादी बघायला एलएस मारला अडकला, डिस्कवरची जागा बघायला डीएफ मारला अडकला, लॉगिन करावं तर होम डिरेक्टरी तिकडेच. टॉप या कमांडमध्ये बघाल तर सीपीयू निवांत आणि लोड, म्हणजे कामाची रांग, ऐंशीच्या घरात, कारण लिनक्स डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्क-नेटवर्कच्या उत्तरासाठी, ताटकळलेल्या प्रोसेसपण लोडमध्ये धरतो. म्हणजे नुसतं वाट बघत बसणं हेही कामच, हे मला मनापासून पटतं.

आता पुरावा. सर्व्हरच्या स्क्रीनवर काय, तर कॉल ट्रेसचं, म्हणजे कर्नल कुठल्या फंक्शनमधून कुठे गेला त्या यादीचं, शेपूट. नेमकं कुठे फुटलं ती ओळ वर सरकून गेलेली, आणि मेलेल्या कर्नलला स्क्रोल कर म्हणून सांगता येत नाही. कॅप्स लॉकचा दिवा तेवढा लुकलुकतोय.

म्हटलं केडंप आहे ना. क्रॅश झाला की आधीच राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा छोटा कर्नल उठतो आणि मेलेल्याची सगळी मेमरी फाइलमध्ये उतरवून ठेवतो, झकास सोय आहे. फाइल कुठे जाते म्हणून कॉन्फिग उघडली. एनएफएसवर! आणि कुठल्या सर्व्हरच्या एनएफएसवर, तर याच! सगळ्या मशीनना कोणीतरी एकच कॉन्फिग चिकटवून दिलेली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्या.

मग डंप लोकल डिस्कवर वळवला, शिवाय नेटकन्सोल लावला, म्हणजे कर्नलचे मेसेज यूडीपीने दुसऱ्या मशीनवर जातात, पोचले तर पोचले. वर आरपीसी, म्हणजे एनएफएसची बोलणी ज्यावर चालतात ते, त्याच्या डीबगचे सगळे लॉग चालू केले आणि वाट बघत बसलो. सर्व्हर एकदम गुणी बाळ! बॅकअप झाला, डबल बॅकअप झाला, ढिम्म हलला नाही. लॉग लिहिण्यात सगळं इतकं मंद झालं होतं की दोन थ्रेड, म्हणजे कर्नलमध्ये एकाच वेळी चालणारी दोन कामं, एकमेकांना धडकायचेच बंद झाले. लॉग काढले, लगेच येरे माझ्या मागल्या.

शेवटी स्लब, म्हणजे कर्नलचा मेमरी वाटणारा भाग, त्याच्या डीबगचं पॉयझनिंग चालू करून बूट केलं. यात फ्री केलेली मेमरी कर्नल 6बी या बाइटने भरून टाकतो, म्हणजे नंतर कोणी तिथे हात घातला तर हाताला रंग लागलाच पाहिजे. पहाटे पडला. डंप उघडला, रजिस्टर, म्हणजे पडताना सीपीयूच्या हातात असलेले आकडे, बघत बघत खाली आलो आणि एका रजिस्टरमध्ये 6बी6बी6बी6बी6बी6बी6बी6बी. मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. इतका उघड चोर!

प्रकरण असं होतं की क्लायंट निघून गेला म्हणून एक थ्रेड त्याचं सेशन मोडीत काढत होता आणि दुसरा अजून तेच सेशन धरून उत्तर लिहीत होता, रेफरन्स काउंट, म्हणजे ते अजून कितीजण वापरताहेत याची मोजदाद, वाढवायला तो क्षणभर उशीर करायचा. जाम खूष होऊन मी पॅच लिहायला बसलो, नवीन कर्नलचा सोर्स उघडला, तर तिथे हे आधीच कोणीतरी दुरुस्त केलेलं. एक ओळ लॉकच्या, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाच्या, आत घेतली होती, बस्स.

अपडेट मी मुद्दाम दुपारी लावलं, रीतसर कळवून, कारण पहाटेचे जागरण आता माझ्याने होत नव्हते. सर्व्हर रीबूट होऊन परत येईस्तोवर मोजून सगळ्यांचे फोन येऊन गेले. एक सीनियर तर म्हणाले, "अरे, आधी निदान पहाटे पडायचा रे, आता तू ऐन कामाच्या वेळी पाडतोस?"